लुई लोझोविक यांचं ‘न्यूयॉर्क’ (१९२५) : ही शिळाछाप घेण्याआधी आणि घेतल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नेमकं कोणतं चित्र?

‘न्यूयॉर्क’ हे लुई लोझोविक यांचं १९२५ च्या सुमाराचं लिथोग्राफ, म्हणजे शिळाछाप. काळ्या शाईत, कागदावर, एकाच दगडावरून छापलेलं. चित्राचा आकार साधारण २९ × २३ सें.मी. उंच इमारतींचे सरळसोट खांब, ब्रुकलिन पुलाच्या तारांचा झोक आणि उन्नत रेल्वेचं वळण एवढ्यावर सगळी रचना तोललेली आहे. रस्त्यावरची गर्दी नाही, दुकानांच्या पाट्या नाहीत. शहराची हाडं तेवढी मांडली आहेत. याच नावाचं आणि याच विषयावरचं त्यांचं तैलचित्रही आहे; ते मिनिआपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरमध्ये आहे. विक्रीच्या यादीत दोन्हींची गल्लत झालेली दिसते, म्हणून माध्यम आधी वाचा.

लोझोविक कोण होते?

जन्म १८९२, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या कीव प्रांतातलं लुडविनोव्का हे गाव. कीवच्या कलाशाळेत थोडं शिक्षण, मग १९०६ मध्ये अमेरिका. न्यूयॉर्कच्या नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइनमध्ये शिकले, ओहायो स्टेट विद्यापीठातून १९१८ मध्ये पदवी घेतली, काही काळ सैन्याच्या वैद्यकीय विभागात काढला आणि १९१९ मध्ये अमेरिकाभर फिरले. १९२० ते १९२४ युरोपात होते : पॅरिस, मग बर्लिन, मध्ये मॉस्कोची फेरी.

बर्लिनचा काळ महत्त्वाचा. तिथे रशियन कलाकार एल लिसित्स्की आणि हंगेरियन कलाकार मोहोली-नाज यांच्याशी त्यांचा संबंध आला. रशियन रचनावादी (कन्स्ट्रक्टिव्हिस्ट) कलाकार यंत्राकडे, पोलादाकडे, भूमितीकडे कसे बघतात हे त्यांनी जवळून पाहिलं. रशियन भाषा येत असल्यामुळे ते निव्वळ प्रेक्षक राहिले नाहीत. आधुनिक रशियन कलेवर त्यांनी इंग्रजीत लिहिलं आणि अमेरिकन वाचकांपर्यंत ती पोचवली. न्यूयॉर्कला परतल्यावर १९२६ पासून ‘न्यू मासेस’ या डाव्या मासिकाच्या मंडळात होते, आणि १९२७ च्या ‘मशीन एज’ प्रदर्शनाच्या सूचीत त्यांचा लेख आहे. अमेरिकन शहराच्या काटेकोर भूमितीत एक शिस्त, एक सुव्यवस्था दडलेली आहे, असं त्यात त्यांचं प्रतिपादन आहे. १९४३ पासून ते न्यू जर्सीतल्या साउथ ऑरेंजला राहिले. निधन १९७३.

त्यांनी हे शहर समोर बसून काढलं का?

शहरांची मूळ मालिका बर्लिनमध्ये सुरू झाली. १९१९ च्या प्रवासात पाहिलेली शहरं त्यांनी समुद्रापार बसून आठवणीतून उभी केली : न्यूयॉर्क, पिट्सबर्ग, शिकागो, क्लीव्हलँड, डेट्रॉइट, मिनिआपोलिस, सिॲटल, ब्यूट, ओक्लाहोमा, पनामा. प्रत्येक शहराला एक धंदा, एक आकार दिला; कुठे धान्याची कोठारं, कुठे पोलादाच्या भट्ट्या. न्यूयॉर्कच्या वाट्याला गगनचुंबी इमारती आणि पूल आले.

आठवणीतून काढल्यामुळे बारकावे गळून गेले आणि सांगाडा उरला. चित्रातली जागा नकाशावर शोधायला जाऊ नका. तिथे अशी एक जागा नाही. १९२९-३० च्या चित्रांत मात्र ठिकाणं ओळखू येतात. ‘ॲलन स्ट्रीट’मध्ये डोक्यावरून जाणाऱ्या रेल्वेखालचा अंधार आहे; तो रेल्वेमार्ग पुढे १९४२ मध्ये गेला, म्हणून ते चित्र आज एक दस्तऐवजही झालं आहे.

छापलेलं असूनही याला ‘मूळ’ कसं म्हणायचं?

कारण या चित्राचं दुसरं कुठलंही मूळ नाही. कलाकाराने हाताने दगडावर काढलं, त्या दगडावरून कागद उठवले. प्रत्येक कागद हीच कलाकृती. तैलचित्राचा फोटो काढून छापलेलं पोस्टर वेगळं. त्याचं मूळ भिंतीवर आहे आणि पोस्टर ही त्याची नक्कल.

महाराष्ट्राला हे तंत्र नवं नाही. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावरच, आणि राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातल्या देवादिकांच्या तसबिरी घराघरांत गेल्या त्याही दगडावरूनच. तिथे एक फरक लक्षात ठेवावा. रविवर्म्यांच्या तसबिरींत मूळ तैलचित्र होतं आणि ते दगडांवर उतरवणारे कारागीर निराळे होते. लोझोविक यांच्या बाबतीत दगडावरचा हात त्यांचाच.

दगडावर चित्र उठतं कसं?

तेल आणि पाणी मिसळत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळं उभं आहे. ही युक्ती आलोइस सेनेफेल्डरला १७९० च्या दशकाच्या अखेरीस म्यूनिकमध्ये सापडली. दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा चुनखडीचा. बारीक कणाचा, सात-दहा सें.मी. जाड.

आधी दगड घासतात. कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी घालून, आधी जाड दाणा, मग १८० चा, मग २२० चा (आकडा मोठा तितका दाणा बारीक). शेवटच्या दाण्यावर चित्राचा पोत ठरतो. लोझोविक यांच्या मऊ, सलग करड्या छटा हव्या असतील तर दाणा बारीक आणि सारखा हवा. मध्येच एखादा जाड कण राहिला तर त्याचा ओरखडा चित्रात कायमचा येतो.

मग चरबी, मेण, साबण आणि काजळी यांच्या कांडीने, म्हणजे लिथो क्रेयॉनने, उलटं चित्र काढायचं. कांड्यांना नंबर असतात. १ नंबर मऊ, ५ नंबर कडक. करड्या छटा कडक कांडीने, न दाबता, एकावर एक हलके थर देत वाढवतात. पूर्ण काळ्यासाठी टूश नावाची चरबीयुक्त शाई कुंचल्याने लावतात. पांढरी रेघ हवी असेल तर काळ्यातून सुईने किंवा पात्याने खरवडून काढायची. या काळात दगडाला बोट लागू द्यायचं नाही. हाताचा तेलकटपणाही शाई धरतो आणि अंगठ्याचा ठसा चित्रासोबत छापला जातो.

चित्र झालं की राळ आणि शंखजिरं भुरभुरवून डिंकाच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचे थेंब घालून ते दगडावर फिरवतात. साधारण ३० मि.लि. पाण्याला हलक्या छटांसाठी पाच-सहा थेंब, गडद भागांसाठी पंधराच्या आसपास. दगड काही कोरला जात नाही. जिथे चित्र नाही तिथे तो डिंक धरून ठेवतो आणि पाण्याला जागा देतो, एवढंच. नंतर टर्पेंटाइनने क्रेयॉनचा काळेपणा पुसून टाकतात. त्या क्षणी दगड जवळजवळ कोरा दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटतं सगळं गेलं. पण चरबी दगडात मुरलेली असते. स्पंजाने ओला करून रूळ फिरवला की ओल्या जागी शाई बसत नाही, चरबीच्या जागी बसते आणि चित्र परत येतं.

कागद ठेवून, वर पुठ्ठ्याचं आवरण घालून, चामडं लावलेल्या लाकडी पट्टीखालून दगड दाबाने सरकवला की एक प्रत झाली. प्रत्येक प्रतीआधी पुन्हा ओलं करणं, पुन्हा शाई. काम संपलं की दगड घासून पुढच्या चित्राला वापरतात. एकदा घासला की ते चित्र त्या दगडावरून परत छापता येत नाही. आवृत्ती मर्यादित राहते ती अशी.

छपाईत काय बिघडतं आणि ते प्रतीत कसं ओळखायचं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि खरी किंमत इथेच ठरते. तुम्ही एक विशिष्ट प्रत घेता आहात. त्याच दगडाची दुसरी प्रत उजवी किंवा डावी असू शकते.

सगळ्यात जास्त दिसणारा दोष म्हणजे गडद भाग ‘भरून येणं’. शाई जास्त झाली किंवा दगड पुरेसा ओला नसला की दाण्यांमधल्या बारीक पांढऱ्या जागा बुजतात. दोन इमारतींमधल्या सावलीत खोली दिसत नाही. नुसता काळा डाग दिसतो. उलट आम्ल जास्त झालं असेल तर हलक्या छटा जळतात : आकाशातल्या किंवा भिंतीवरच्या करड्याऐवजी तुटक ठिपके राहतात आणि इमारत हवेत लटकल्यासारखी वाटते. दाब सारखा नसेल तर एका बाजूची कड फिकट. कडेला, चित्राबाहेर राखाडी धूसरपणा असेल तर तो दगड सुकू लागल्याचा मळ.

चांगल्या प्रतीत काळा रंग मखमली दिसतो आणि त्याच्या आत अजून काळं दिसतं. भिंग लावून सर्वांत गडद जागा बघा; तिथे दाणा मोकळा असेल तर प्रत उत्तम. लोझोविक यांची सगळी मदार या काळ्या-करड्याच्या पायऱ्यांवर आहे, रेघेवर नाही. म्हणून त्यांच्या चित्रात फिकी प्रत फार नुकसान करते.

छापलं कोणी?

न्यूयॉर्कमध्ये परतल्यावर त्यांचं काम जॉर्ज सी. मिलर यांच्याकडे होत असे. मिलर यांनी १९१७ मध्ये खास कलाकारांसाठी लिथोग्राफीचा छापखाना काढला. तोवर अमेरिकेत दगड म्हणजे व्यापारी छपाई : लेबलं, जाहिराती. पुढच्या पिढीतल्या कित्येक अमेरिकन कलाकारांची दगडावरची कामं मिलर यांच्या हातून गेली. म्हणून १९२५ नंतरच्या प्रतींत छपाईचा दर्जा सहसा चांगला आढळतो आणि वर सांगितलेले दोष दिसले तर ते अपवाद समजून नीट चौकशी करावी.

माझ्या प्रतीवर ‘१२/५०’ (पन्नासांतली बारावी प्रत) असा आकडा नाही. बनावट आहे का?

नाही, एवढ्यावरून नाही. १९२० च्या दशकात प्रत्येक प्रतीवर क्रमांक घालायची सक्तीची पद्धत नव्हती. कधी फक्त सही आणि साल, कधी सोबत नाव, कधी आवृत्तीची एकूण संख्या. जाहीर केलेली आवृत्ती पूर्ण छापलीच जायची असंही नाही. मागणी येईल तशा प्रती काढत.

आवृत्ती पडताळायला एकच मार्ग आहे. जॅनेट फ्लिंट यांनी लोझोविक यांच्या सर्व छापचित्रांची क्रमवार सूची १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. लिलावाच्या वर्णनात ‘फ्लिंट’ आणि पुढे क्रमांक असतो तो त्या सूचीतला. विक्रेत्याने क्रमांक दिला नसेल तर मागा. दिलेल्या क्रमांकाची मापं तुमच्या प्रतीशी जुळवा. माप घेताना चित्राचं वेगळं आणि पूर्ण कागदाचं वेगळं घ्या. चित्रात तीन-चार मि.मी.चा फरक कागदाच्या ओलाव्याने पडू शकतो, एक सें.मी.चा फरक आला तर ती दुसरी गोष्ट आहे.

सही कुठे असते, कशी तपासायची?

खालच्या समासात, बहुतेक उजवीकडे, शिसपेन्सिलीने, सोबत साल. पुष्कळ चित्रांत दगडातच नावाची आद्याक्षरंही असतात. ती छपाईचा भाग, ती सही नव्हे. दगडातल्या अक्षरांच्या जोरावर ‘सही केलेली’ म्हणून विकत असतील तर थांबा.

पेन्सिलीची खूण तिरक्या उजेडात बघायची. ग्रॅफाइट चकाकतं, कागदाच्या उंचवट्यांवर बसतं आणि खळग्यांत राहत नाही, मागून हलका दाब जाणवतो. छापलेली सही सपाट, एकसारखी, मंद काळी दिसते. सही आणि साल वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिलीने, वेगळ्या हाताने असेल तर विचारा. सही नसलेली प्रत निरुपयोगी नसते, पण तिचा भाव आणि तिच्यामागचा इतिहास दोन्ही वेगळे.

पोस्टर किंवा ऑफसेट नक्कल कशी ओळखायची?

दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. करड्या भागावर धरा.

ओळीत मांडलेले सारख्या अंतराचे ठिपके दिसले की ती ऑफसेट, म्हणजे फोटोवरून यंत्राने केलेली छपाई. सूक्ष्म फवारा, त्यात कधी निळे-तांबडे कण दिसले की इंकजेट, मग कागद कितीही जाड असो. दगडावरची छाप वेगळी : वेडेवाकडे, लहानमोठे कण, कुठे जोडलेले, कुठे सुटे, आणि त्या कणांतून कांडी कुठल्या दिशेने फिरली ते दिसतं. खरवडलेल्या पांढऱ्या रेघेच्या कडा तुटक असतात. नकलेत ती रेघही ठिपक्यांचीच बनलेली असते.

लिथोग्राफच्या कागदावर धातूच्या पत्र्याचा खोलगट चौकोनी दाब नसतो. तो कोरीवकामात, एचिंगमध्ये असतो. तो नाही म्हणून नाराज होऊ नका, आणि आहे म्हणून खुश तर मुळीच होऊ नका.

दुसरी चाचणी ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चची. अंधारात कागदावर टाका. साधारण १९५० नंतरच्या कागदात पांढरेपणासाठी घातलेली रसायनं निळसर झगझगतात. १९२५ चा कागद झगझगता कामा नये. मंद पिवळसर किंवा निस्तेज दिसतो. ही चाचणी नव्या कागदावरची नक्कल पकडते. जुन्या कोऱ्या कागदावर केलेली लबाडी पकडत नाही, म्हणून भिंगाला पर्याय नाही.

अवघड प्रकार एकच : चांगल्या प्रतीवरून फोटोच्या मदतीने पुन्हा बनवलेलं लिथोग्राफ. त्यात ठिपक्यांची ओळ नसते, पण बारीक कण गळतात आणि गडद भाग एकजीव होतो. संग्रहालयाच्या मोठ्या स्कॅनशी तोच कोपरा ताडून बघा. अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन, व्हिटनी आणि स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संग्रहांत लोझोविक यांची छापचित्रं आहेत.

कुठले दोष चालवून घ्यावे, कुठले नाही?

मागे, वरच्या कडेला जुन्या बिजागरीचे, म्हणजे प्रत बोर्डाला टांगणाऱ्या कागदी पट्टीचे, तुकडे असतील तर चालतील. समासातली हलकी घडी चालेल. एखाद-दुसरा तांबूस ठिपका, चित्राबाहेर, चालेल; तो लोहकणांमुळे आणि बुरशीमुळे येतो आणि वाढू नये एवढं बघायचं.

खिडकीच्या आकाराचा तपकिरी चौकोन म्हणजे आम्लयुक्त पुठ्ठ्याच्या माउंटने (चित्राभोवतीच्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याने) जाळलेला कागद. तज्ज्ञ तो हलका करू शकतात, पूर्ण घालवू शकत नाहीत. किमतीतून वजा करा.

समास कापलेले असतील तर सोडून द्या, चित्र कितीही आवडलं तरी. सही खालच्या समासात असते. तो समास अरुंद असेल तर आधी काय होतं हा प्रश्न कायम राहतो. बोर्डावर गरम करून चिकटवलेली प्रतही टाळा. ती सोडवताना कागदाचा पृष्ठभाग उचलला जातो. फक्त समोरचा फोटो पाहून कधीच घेऊ नये : मागचा फोटो, तिरक्या उजेडातला फोटो आणि चारही कोपरे मागा. जो विक्रेता फ्रेममधून काढून दाखवायला तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका.

‘न्यूयॉर्क’ आवाक्यात नाही. दुसरं काय बघावं?

शहराची १९२३ ते १९३० ची चित्रं सर्वांत महाग. त्यानंतरच्या तीसच्या दशकात ‘स्टॉर्म क्लाउड्स अबव्ह मॅनहॅटन’ (१९३५) आणि ‘थ्रू ब्रुकलिन ब्रिज केबल्स’ (१९३८) सारखी कामं आहेत. भूमिती थोडी सैल, वातावरण जास्त. चाळीसनंतरची निसर्गदृश्यं आणि प्रवासातली चित्रं तुलनेने स्वस्त मिळतात आणि त्यांतही दगडावरचा हात तोच पक्का आहे. आमचं मत : कमी दर्जाच्या ‘न्यूयॉर्क’पेक्षा १९३० च्या आसपासची उत्तम छापलेली, कमी प्रसिद्ध प्रत घ्यावी. नावापेक्षा काळा रंग जास्त दिवस आनंद देतो.

सरकारी शिक्का असलेली प्रत दिसली. घ्यावी का?

जपून. महामंदीच्या काळात अमेरिकन सरकारच्या कलाप्रकल्पांत लोझोविक यांनी काम केलं. न्यूयॉर्कच्या मुख्य टपाल कार्यालयातली त्यांची चित्रं त्याच काळातली. त्या प्रकल्पांत तयार झालेल्या कलाकृती सरकारी मालकीच्या आहेत अशी तिथल्या सरकारची आजही भूमिका आहे. कलाकाराला स्वतःसाठी मिळालेल्या प्रती वेगळ्या, संस्थांना वाटलेल्या वेगळ्या. शिक्का असेल तर मालकीची साखळी लेखी मागा. ‘न्यूयॉर्क’ त्याआधीचं आहे, त्याला हा प्रश्न लागू नाही.

भारतात मागवायची असेल तर?

गुंडाळून, नळीतून मागवू नका. नळीची टोकं चेपतात आणि ते चेपणं कागदाच्या कडेवर उमटतं. शिवाय बाहेर काढताना आणि सपाट करताना नव्या घड्या पडतात. दोन कडक बोर्डांमध्ये सपाट, कागदाला चिकटपट्टी न लावता कागदी कोपऱ्यांत अडकवलेली, वर पॉलिस्टरच्या पारदर्शक पिशवीत आणि त्यावर दुसरा पुठ्ठ्याचा डबा. बोर्ड प्रतीपेक्षा चारही बाजूंनी किमान पाच सें.मी. मोठे.

बिलावर काय लिहिलं आहे याला कस्टममध्ये फार महत्त्व. मूळ कोरीवचित्रं, छापचित्रं आणि लिथोग्राफ कस्टमच्या वर्गवारीत ९७०२ या शीर्षकात येतात. अट अशी की दगड किंवा पत्रा पूर्णपणे कलाकाराने हाताने केलेला असावा आणि कुठलीही यांत्रिक किंवा फोटोयांत्रिक प्रक्रिया नसावी. नुसतं ‘प्रिंट’ किंवा ‘पोस्टर’ लिहिलं की माल ४९११ मध्ये, म्हणजे इतर छापील वस्तूंत ढकलला जातो. बिलावर कलाकाराचं नाव, साल, ‘मूळ लिथोग्राफ, कलाकाराने दगडावर हाताने काढलेलं’ आणि सहीचा उल्लेख असा मजकूर घालून घ्या. कलाकृतींवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला; सीमाशुल्काचा दर मात्र मागवायच्या दिवशी कस्टम एजंटकडून पक्का करा.

आणखी एक गोष्ट. १९२५ ची प्रत आता शंभर वर्षांची झाली. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात किमान शंभर वर्षं जुन्या कलाकृतीला पुरावस्तू धरलं जातं आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. उद्या परदेशी विकायची किंवा मुलांकडे पाठवायची वेळ आली तर प्रश्न येऊ शकतो. आयातीची सगळी कागदपत्रं, बिल ऑफ एंट्रीसकट (कस्टमला दिलेल्या आयातीच्या घोषणापत्रासकट), प्रतीसोबत कायम जपा.

फ्रेम कशी करून घ्यायची?

नेहमीच्या फ्रेमवाल्याकडे प्रत देऊन येऊ नका. सवयीने ती प्लायवूडवर किंवा एमडीएफवर चिकटवली जाते, समास ‘व्यवस्थित’ कापले जातात आणि काच थेट कागदाला टेकते. तिन्ही गोष्टी परत फिरवता येत नाहीत. काय हवं ते लिहून द्या आणि शक्य असेल तर समोर उभे राहून करून घ्या.

माउंट आणि मागचा बोर्ड दोन्ही शंभर टक्के कॉटन रॅगचे. खिडकी चित्रापेक्षा तिन्ही बाजूंनी ५-६ मि.मी. मोठी, खाली जास्त, म्हणजे सही आणि साल दिसेल. प्रत मागच्या बोर्डाला वरच्या कडेने फक्त दोन ठिकाणी लावायची, जपानी कोझो कागदाच्या बिजागऱ्यांनी. बिजागरी साधारण ३ सें.मी. रुंद. चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची खळ : एक भाग सत्त्व, चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत, मग गार करून गाळून. खळीत मोरचूद नको आणि खळीऐवजी फेविकॉल नको. खळ पाण्याने सुटते, आणि गरज तीच आहे. चारही बाजू चिकटवल्या तर पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला पसरायला जागा नसते आणि लाटा येतात.

समोर अतिनील अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक, आणि कागदापासून किमान ३ मि.मी. अंतर. प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास पुरे. छापाची कार्बनची शाई उडत नाही. पण कागद पिवळा पडतो आणि मग काळ्या-पांढऱ्यातला फरकच कमी होतो. चित्राचा प्राण तो.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात काय करायचं?

सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहावी, निदान ६५ च्या वर जाऊ नये. जुलैत घरात ती ८५ वर सहज जाते आणि बुरशीला तेवढं पुरतं. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर फ्रेम लावू नका. मागे खालच्या दोन कोपऱ्यांना कॉर्कच्या टिकल्या लावून भिंतीपासून सेंटिमीटरभर अंतर ठेवा, हवा खेळली पाहिजे. एसी रात्री चालू आणि दिवसा बंद हे सगळ्यात वाईट, कारण कागद रोज आकसतो आणि फुगतो.

फ्रेममागे डांबराच्या गोळ्या ठेवू नका. त्यांची वाफ कागदावर परत बसते. कसर खळ खाते, म्हणून बिजागऱ्या पातळ आणि खळ कमी. पावसाळा संपला की फ्रेम उतरवून मागची बाजू तपासावी. कुबट वास आला किंवा काचेच्या आतून धुकट डाग दिसले की फ्रेम उघडून प्रत कोरड्या, सावलीच्या जागी सपाट ठेवा. उन्हात नाही.

डाग पडला तर घरी साफ करता येईल का?

नाही. ब्रेडने, खोडरबराने, ब्लीचने तर नाहीच. खोडरबर समासातली सही उडवतं आणि करड्या छटांवर चकाकी आणतं. चिकटपट्टी ओढून काढू नका, तिच्यासोबत कागदाचे तंतू येतात. बुरशी हाताने झटकली तर ती तंतूंत आणखी खोल बसते. प्रत पॉलिस्टरच्या पिशवीत न घालता मऊ आम्लमुक्त कागदात ठेवून कागदाच्या संवर्धकाकडे न्या. ओली वस्तू प्लॅस्टिकमध्ये बंद करणं म्हणजे बुरशीला घर देणं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे. काम सुरू होण्याआधी लेखी अहवाल आणि फोटो मागा. धुण्याची परवानगी देण्यापूर्वी सहीवर चाचणी झाली का ते विचारा.

प्रत माझी आहे, तर मी तिची पोस्टर छापू शकतो का?

कागद तुमचा झाला, चित्राचा हक्क त्याबरोबर येत नाही. भारतात कलाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं ही सर्वसाधारण मुदत आहे; लोझोविक १९७३ मध्ये गेले, त्या हिशेबाने २०३३ संपेपर्यंत. मूळ देशातली मुदतही बघावी लागते, म्हणून छापण्याआधी वकिलाला विचारा. विक्रीसाठी किंवा विम्यासाठी प्रतीचे फोटो काढून ठेवणं मात्र आजच करा : समोरून, मागून, सही जवळून आणि सर्वांत गडद भाग भिंगातून.